मंत्र्यांच्या हातचा कडू घास

आमच्या भागाचे मंत्री नानासाहेब एक वेळ लग्नाला चुकतील, पण मयतीला चुकायचे नाहीत. घरात माणूस गेलं की चूल पेटत नाही. सोयरे-शेजारी पिठलं-भाकरी आणून घरच्यांना बळेच चारतात, त्याला आम्ही कडू घास म्हणतो. नाना हा घास स्वतःच्या हातानं भरवतात. दारात चप्पल काढायच्या आत डोळ्यांत पाणी, जमिनीवर बसकण आणि ठरलेलं वाक्य, "माझ्याच घरचं माणूस गेलंय, माय." मागं एकाच्या हातात डबा, दुसऱ्याच्या हातात शूटिंगचा मोबाइल.

याच डब्यावर त्यांनी ग्रामपंचायतीपासून मंत्रिपदापर्यंत मजल मारली. तीन पक्ष फिरून झाले. कुणी विचारलंच तर म्हणतात, "पक्ष बदलला, माणसं बदलली का?" तलावाच्या कामात चौकशी लागली, तर चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचीच बदली झाली. विरोधक मुंबईत राजीनामा मागत होते, तेव्हा नाना राणीसावरगावात कुणाच्या तरी दहाव्याला बसले होते. "कसाबी असू द्या, येतो तर!" असं लोक म्हणायचे, आणि त्या 'येतो तर'नं माझं डोकं फिरायचं. मला हा माणूस कधीच आवडला नाही आणि इथंही त्याच्याविषयी तोलूनमापून लिहायची माझी इच्छा नाही.

आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यातला एकुलता एक डॉक्टर नानांनी उचलून आपल्या गावी नेला. कागदोपत्री तो आमचा, बसायला मात्र तिकडं. गावकरी दोनदा जाऊन भेटले. दोन्ही वेळा नाना म्हणाले, "झालं समजा." पुढं सोयाबीन काढताना माझ्या थोरल्या भावाला, दादाला, साप चावला. दवाखान्यात इंजेक्शन होतं, देणारा नव्हता. परभणीला नेताना पिंगळीच्या अलीकडं जीपमध्येच दादा गेला.

दुसऱ्या दिवशी नाना हजर. रडले. मी त्यांना दंडाला धरून बाहेर काढणार होतो, पण चुलत्यांनी मला दाबून खाली बसवलं. नानांनी भाकरीचा तुकडा मोडून सुमनवहिनींच्या तोंडाशी नेला. वहिनींनी त्यांचं मनगट धरलं.

"साहेब, दवाखान्यात डॉक्टर हाय का?"

"झालं समजा, माय. तू आधी खा."

"न्हाई. डॉक्टर बसला की या. तवा तुमच्याच हातानं खाते."

नानांच्या माणसानं मोबाइल खाली घेतला, पण दारात जमलेल्या बायकांचे मोबाइल चालूच होते. संध्याकाळपर्यंत ते सगळं जिल्हाभर फिरलं.

आठवड्याच्या आत डॉक्टर परत आला. पाठोपाठ नानाही आले, डबा आणि मोबाइलवाल्यासकट. इतका कोडगा माणूस मी जन्मात पाहिला नाही. मी दार अडवून म्हणालो, "वहिनी, ह्या माणसाच्या हातचं खाणार तुमी?"

"शब्द दिलाय मी," वहिनी म्हणाल्या. मला बाजूला सारून त्या नानांसमोर बसल्या आणि त्यांनी तोंड उघडलं. घास तोंडात गेला. नाना त्यांच्या डोक्यावर हात ठेवून मोबाइलकडं बघत होते.

त्याच फोटोचा भलामोठा बॅनर आता चौकात लागलाय. त्यावर 'सुखदुःखात सदैव सोबत' असं लिहिलंय. तो फाडायला मी विळा घेऊन निघालो, तर वहिनी वाटेत आडव्या आल्या.

"राहू द्या, भावजी."

"दादाला मारलं त्यानं. अन् तुमचा फोटो लावून मिरवायलाय!"

"मिरवू द्या. लोक रोज तो फोटू बघायलेत, म्हणून डॉक्टर तिथं बसायलाय. बॅनर उतरला की त्याला बी उचलून नेतील."

मी विळा घेऊन घरी परतलो. मागच्या वादळात त्या बॅनरची एक बाजू सुटून नाना चिखलात लोळायला लागले होते. मी शिडी लावली आणि दोरी घट्ट आवळून त्यांना पुन्हा वर बांधलं.