पोकळ मुठीची सुरी

जंगलात न्यायला सुरी कुठली घ्यावी असं मला कुणी विचारलं, तर मी आधी मूठ बघते, पातं नंतर. लोक उलटं करतात. पातं चमकलं की भुलतात. माझे वडील, आबा, तेही भुलले होते, आणि आबा तर फौजेतून रिटायर झालेले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी कराडला कॉलेजात होते. दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही काही मुली कॉलेजातल्या एका बाईंबरोबर कोयनेच्या जंगलात राहायला जाणार होतो. कोरेगावात आमच्या भावकीत पोरीनं असं रानात राहायला जाणं कुणी ऐकलंही नव्हतं. मी आबांच्या मागे हात धुऊन लागले. ते हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते. मग एक दिवस साताऱ्याहून आले ते सुरी घेऊनच. हातभर लांब, पाठीला करवतीचे दात, मुठीच्या टोपणात होकायंत्र, आणि पोकळ मुठीत काड्या आणि मासे धरायचा गळ. ही त्यांची परवानगी होती. तोंडानं सांगायची त्यांना सवय नव्हती.

सुरी त्यांनी थेट माझ्या हातात दिली. आई चुलीपासून ओरडली, "आवं, हातात काय देताय? खाली ठिवा, ती उचलंल. भांडणं हुत्यात अशानं."

झालीच.

"आबा, ही नको," मी म्हणाले. "नुकता पाऊस सरलाय. रानात सगळं लाकूड ओलं असणार. जाळ करायचा तर ओंडका चिरून आतला कोरडा गाभा काढावा लागंल. सुरीच्या पाठीवर ठोके घालायचे, तर ही मुठीपाशीच तुटंल. आत पोलादच न्हाई."

"फौजेत तू हुतीस का मी?"

"बडा घर पोकळ वासा, आबा."

हे बोलायला नको होतं असं आई म्हणते. मला अजून तसं वाटत नाही.

"मग दाव मोडून," आबा म्हणाले.

मी बाभळीच्या ओंडक्यावर सुरी ठेवली आणि दांडक्यानं हाणली. दात दांडक्यात रुतत होते. दोन-चार ठोक्यांतच पातं लाकडात राहिलं आणि मूठ सुटून पडली. होकायंत्र घरंगळत गोठ्यात गेलं. आबांनी दोन्ही तुकडे उचलले आणि आत गेले. माझंच खरं झालं होतं, पण त्याबरोबर त्यांची परवानगीच मोडली की काय?

तरी त्याच आठवड्याच्या बाजारात मी माझी सुरी निवडली. वीतभर पातं, जाड पाठ, पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं, वर बाभळीच्या दोन फळ्या ठोकलेल्या. दिसायला अगदी कांदा चिरायची. आबांनी ती पाहिली आणि चष्मा पुसत बसले.

निघायचा दिवस नेमका खंडेनवमीचा आला. त्या दिवशी आमच्याकडे विळे, कोयते, कुऱ्हाड, सगळी हत्यारं पूजेला मांडतात आणि दसऱ्यापर्यंत कुणी हलवत नाही. आबा तर त्या दिवशी घरात कांदासुद्धा चिरू देत नसत. सकाळी मी पिशवी भरायला घेतली तर सुरी नाही. पाटावर बघते तो सगळ्यांच्या पुढे माझी सुरी, हळदीकुंकू लावलेली, झेंडूचं फूल वाहिलेलं. मागे त्यांच्या सुरीचे दोन तुकडे, त्यांनाही फूल.

"आज हलवायची न्हाई गं," आई म्हणाली. "उद्या उचल."

दुपारी कराडहून गाडी सुटणार होती. मला वाटलं, हेच आबांचं 'नाही'. इतका राग आला की पिशवी तिथंच आपटली.

तेवढ्यात आबा अंघोळ करून आले. पाटासमोर बसले, अक्षता टाकल्या, हात जोडून काहीतरी पुटपुटले. मग माझ्या सुरीवरचं फूल बाजूला केलं आणि टॉवेलच्या टोकानं कुंकू पुसलं. आई "आवं, आवं" करत राहिली. जन्मात त्यांना हा नेम मोडताना मी पाहिलं नव्हतं.

सुरी त्यांनी माझ्या हातात दिली नाही. माझ्यापुढं जमिनीवर ठेवली.

"उचल," म्हणाले. "म्या तरी हीच निवडली आसती."

इतकं धडधडीत खोटं आबा आयुष्यात एकदाच बोलले. मला रडू फुटलं.

"व्हय आबा," मी म्हणाले आणि सुरी उचलली.