तेहतीसच्या जागी बत्तीस

माझी धाकटी जाऊ दवाखान्यात एक्स-रे काढते. घरी आली की हातपाय धुऊन जेवणाच्या टेबलावर तारा डागायची सोल्डरगन घेऊन बसते. गोळ्यांच्या रिकाम्या डब्यांत तिचे सुटे भाग, आणि मेणकापडाला जागोजागी भोकं. बंद पडलेली घंटा आणा, शेजाऱ्यांचा रेडिओ आणा, बाई लगेच पालथं घालून उघडणार. त्या भोकांबद्दल तिला कोणी चकार शब्द बोलत नाही. माझ्या हातून एकदा त्यावर गरम पातेलं टेकलं होतं, त्यावर मात्र आठवडाभर चर्चा झाली. कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय.

पण एक गोष्ट फक्त माझी होती. सासूबाईंना ऐकू येत नाही, आणि त्यांना माझंच बोलणं कळतं. डाव्या कानाशी वाकून, एकेक शब्द सुटा करून, खणखणीत बोलावं लागतं. ते मला जमतं. पोटच्या मुलांनासुद्धा आईशी बोलायचं तर मला हाक मारावी लागते. डॉक्टर प्रश्न विचारणार मला, त्या उत्तर देणार मला. कानाची विकतची यंत्रं त्यांनी काढून फेकली, तेव्हा मी वरवर हळहळले.

आणि एका रविवारी धाकटीने जाहीर केलं, "आईंसाठी यंत्र मीच करते. खिशात डबी, कानाला हेडफोन."

आराखड्यात कपॅसिटर नावाचा वाटाण्याएवढा एक भाग हवा होता, तेहतीस नॅनोफॅरॅड मापाचा. दुकानात तो नव्हता. मला बरं वाटलं. पण ही हार मानेल तर ना.

"माझ्याकडे शंभरचा आहे. मोठा घातला म्हणून काही बिघडत नाही, वीज पुरवणाऱ्या भागात मी नेहमी मोठाच घालते," म्हणाली, आणि लावला.

सासूबाईंनी हेडफोन चढवला आणि लगेच तोंड वेडंवाकडं केलं. पंख्याची घरघर, सरकवलेली खुर्ची, सगळं भसाभस कानात शिरत होतं आणि माणसाचं बोलणं त्याखाली बुडत होतं. त्यांनी डबी टेबलावर आपटली. मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. तोंडाने म्हटलं, "जाऊ दे गं, प्रयत्न तर केलास."

ती डबी उघडून बसली. बराच वेळ नखं कुरतडली. मग म्हणाली, "चुकलंच माझं. इथे मोठा चालत नाही. मोठ्यातून घरघरही पार होते, तीच तर अडवायची आहे." तिने बावीसचा एक आणि दहाचा एक शेजारी शेजारी जोडले. असे जोडले की बेरीज होते म्हणे. "झाले बत्तीस."

"तेहतीसच हवा तर थांब की," मी म्हणाले.

"ताई, कंपनीचा तेहतीसही नेमका तेहतीस नसतो, थोडा मागेपुढे असतोच. एकाने काय होतंय? तुम्ही बोला आता. आईंना तुमचंच कळतं, तर तुमच्याच आवाजावर पारखू या."

म्हणजे आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा. घसा बसलाय म्हणून टाळता आलं असतं. पण सासूबाई माझ्याकडेच बघत होत्या. मी डाव्या बाजूला वाकले आणि नेहमीसारखं विचारलं, "आई, ऐकू येतंय का?"

त्या दचकल्या. हेडफोन सावरत म्हणाल्या, "अगं थोरले, हळू बोल. एवढी ओरडतेस कशाला?"

सगळे हसले. माझा नवरा सगळ्यांत मोठ्याने. मग एकेक जण लांबूनच, साध्या आवाजात बोलू लागला आणि त्या प्रत्येकाला उत्तर देत सुटल्या. धाकट्या मुलाला म्हणाल्या, तुझा आवाज अगदी तुझ्या वडिलांसारखा झालाय रे. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. चांगलंच झालं, नाही कोण म्हणतंय. पण माझा जळफळाट काही थांबेना.

मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी विसळायला घेतली. आईला काही सांगायचंय म्हणून कोणीतरी हाक मारेल, असं वाटत होतं. शेवटी नळ बंद केला. बाहेर सासूबाई आणि धाकटी डोक्याला डोकं लावून बसल्या होत्या, आणि इतक्या हळू बोलत होत्या की मला एक शब्द ऐकू येईना.