रेवतीच्या टमाट्यांचं पांघरूण

कॉलेज मधेच सोडलेल्या माणसाला कुठं जायला रजेचा अर्ज लागत नाही. माझ्या वर्गातली रेवती संक्रांतीला बेला गावाजवळ मामाच्या शेतावर गेली, तशी मीही गुडीहत्नूरहून गाडी काढली. तिनं फोनवर अट घातली होती, "दोन दिवस आमच्या शेतात कोणाशी न भांडता राहून दाखव. मंग पाहू आपलं." सरांशी भांडूनच मी कॉलेज सोडलेलं, म्हणजे पेपर अवघड होता. घरी कारण सांगितलं, रेवतीकडून ऐकलेला शब्द, पर्माकल्चर. बाबांना ती सरकारी परीक्षा वाटली. लगेच पेट्रोलचे पैसे दिले.

जाणाऱ्यांसाठी: आदिलाबादपर्यंत हायवे, एकदम गुळगुळीत. तिथं मिरची भजी खाऊन घ्या. पुढे जैनथवरून बेला, कापसाच्या गाड्यांमागे धूळ खात. तीनशेच्या पेट्रोलात जाणं-येणं होतं. स्वेटर न्याच. मी प्रेमाच्या भरात विसरलो.

शेत पाहून वाटलं, मामा आळशी दिसतात. टमाट्यात झेंडू, झेंडूत लसूण, तुरीवर वालाचा वेल आणि खाली सगळीकडे सागाचा पाला. आमच्याकडं वावर कसं, ताटासारखं साफ पाहिजे!

"जंगल कोणी झाडते का?" मामा म्हणाले. "तरी वाढतेच ना? आपण तेच करून राह्यलो, फक्त खायच्या झाडांचं. पर्माकल्चर म्हंते रेवती याले."

पटलं नव्हतं, पण मान हलवली. अट होती ना.

सकाळी थंडीनं दात वाजायला लागले. रेवतीला खूश करावं म्हणून सगळ्यांआधी उठून तिचा टमाट्याचा वाफा लख्ख झाडला, पाल्याची शेकोटी केली, वर चहा ठेवला. ती आली आणि वाफ्याकडं बघतच राहिली.

"काऊन जाळलं बे? वर्षभर दर सुट्टीत येऊन गोळा केलं होतं मी! जमीन उघडी पडली आता, ओल टिकंल का? पांघरूण होतं ते माह्या टमाट्याचं!"

'पालाच तर होता' हे शब्द ओठांपर्यंत आले. चहाबरोबर गिळले.

मामा शेकत म्हणाले, "पांघरूण जाळून शेकणारा जावई पहिल्यांदाच पाह्यला."

"मामा!" रेवती लाल झाली. शेकोटीनं नसावी.

मग दोन दिवस मी पोती घेऊन सागाखाली पाला गोळा करत. राखसुद्धा तिनं वाया जाऊ दिली नाही, वाफ्यात पसरायला लावली. दुसऱ्या संध्याकाळी पाला बाजूला करून बघितलं, तर खाली माती ओली, गार, आणि एक गांडूळ घाईघाईनं आत चाललेलं. च्यायला, हे कॉलेजात का दाखवत नाहीत?

निघताना रेवतीनं पोती मोजून घेतली, निकाल मात्र राखून ठेवला. रस्ताभर जीव टांगणीला.

घरी पोचलो तर बाबा वावरात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा ढीग लावून, हातात काडेपेटी. मी ती हिसकावली. मग जे भांडण झालं, ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. अट आमच्या वावराला लागू नव्हती. शेवटी अर्धा ढीग मला मिळाला. पऱ्हाट्या तोडून वांग्याच्या वाफ्यावर अंथरल्या आणि रेवतीला फोटो पाठवला.

तिचा मेसेज आला, "बाबांशी भांडला ना?"

"हो."

"बरं केलं. रविवारी ये. स्वेटर घालून ये, आगलाव्या."