न वाचलेल्या चौदा ओळी

ऑफिसातल्या काकांना दिसत नाही, हे मला नोकरीला लागून चार महिने झाल्यावर कळलं, आणि तेही त्यांनीच सांगितलं म्हणून. मी एवढी हुशार, की शेजारच्या खुर्चीवरचा माणूस पडदा वाचतोय की नुसतं तिकडे तोंड करून बसलाय, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

रसमड्याला एका लहानशा कारखान्यात मी कामाला होते. तेव्हा आमचा भाग मध्य प्रदेशातच होता. भिलाईहून सकाळी कंपनीची मेटॅडोर न्यायची, संध्याकाळी आणून सोडायची. आम्ही लोखंड लाटणाऱ्या रोलिंग मिलसाठी इशारे दाखवणारी पॅनेलं बनवायचो. कुठं तेल कमी झालं, कुठं पाणी थांबलं, की पॅनेलवर लाल अक्षरांत ओळ उमटायची. आतली चिप आम्ही सी भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामवर चालायची, आणि तिच्यात जागा इतकी कमी की कंपायलरसोबत आलेली तयार फंक्शनं, म्हणजे ठरावीक कामांचे आयते तुकडे, मावायची नाहीत. म्हणून काकांनी फार पूर्वी स्वतःची लिहिली होती. अक्षरांची ओळ एकीकडून दुसरीकडे उतरवायची, दोन ओळी सारख्या आहेत का बघायचं, ओळीची लांबी मोजायची, मेमरीचा तुकडा शून्यानं भरायचा, नाहीतर जागचा हलवायचा. दिसायला फालतू कामं. पण कारखान्यातून गेलेलं एकूण एक पॅनेल त्या एका फाइलवर उभं होतं. ती फाइल सांभाळणं एवढंच काकांचं काम उरलं होतं, बाकीचं हळूहळू माझ्या टेबलावर आलं होतं. मला वाटायचं, मी कामाची आहे म्हणून येतंय.

काका मूळचे भंडाऱ्याकडचे. ऑफिसात सगळे हिंदी बोलायचे, पण आमच्या खोलीचं दार लागलं की ते मराठीवर यायचे. एके दिवशी त्यांनी सरळ सांगून टाकलं.

‘साखरेनं डोळे खाल्ले माझे. डावा तर गेलाच. उजव्यानं माणूस उभा आहे एवढं समजते, कोण आहे ते नाही समजत. पोरगी नागपूरले डॉक्टरी करून राहिली, तिचे दोन वर्षं आहेत अजून. मालकाले माहीत झालं तर मले घरी बसवतीन. तू कोणाले सांगशीन नाही नं?’

‘नाही जी काका,’ मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तेव्हापासून आमची रीत ठरली. सकाळी आल्या आल्या मी आदल्या दिवशी जे काही बदललं असेल ते वाचून दाखवायचं, मग त्यांची फाइल पहिल्या ओळीपासून. बदल नसला तरी वाचायचं. मी म्हणायचे, ‘कंस उघडा, व्हाइल, एन,’ आणि ते डोळे मिटून ऐकायचे. मध्येच म्हणायचे, ‘सेमिकोलन खाल्ला तू. न्याहारी करून नाही आली का वं?’ खरंच खाल्लेला असायचा. त्यांना ती फाइल तोंडपाठ होती, मारुतीस्तोत्र असावं तशी.

त्या पाठांतरावर त्यांनी वर्ष काढलं. मीटिंगला जाताना प्रिंटआउट हातात धरायचे, अंगठा एकेका ओळीवरून खाली न्यायचे, आणि बरोबर जिथं पान संपतं तिथं पान उलटायचे. मी समोर बसून बघायचे. कौतुक वाटायचं आणि भीतीही वाटायची. पण खोटं कशाला बोलू, त्यात आम्हांला मजाही येऊ लागली होती. खोलीत परत आलो की ते विचारायचे, ‘कसा वाचला मी?’ मी म्हणायचे, ‘एकदम फर्स्ट क्लास.’

मग ती तक्रार आली.

एका मिलमध्ये आमचं नवीन पॅनेल लागलं होतं. जुन्या पॅनेलवर दोनच ओळी असायच्या, यावर चार. नवा इशारा वर यायचा आणि आधीचे एकेक ओळ खाली सरकायचे. पण तिथं खालच्या तिन्ही ओळींत एकच इशारा दिसू लागला. खाली थंड पाणी थांबल्याचा इशारा होता तो पुसला गेला, ऑपरेटरला कळलाच नाही, आणि बेअरिंग जळून अख्खी पाळी मिल बंद राहिली. कोणाला इजा झाली नाही, नशीब.

काका त्या दिवशी दवाखान्यात तपासणीला गेले होते. मी एकटीच शोधत बसले आणि दुपारच्या चहापर्यंत चूक सापडली. ती काकांच्या फाइलमध्ये होती. मेमरीचा तुकडा हलवायचं त्यांचं फंक्शन नेहमी पहिल्या अक्षरापासून सुरू करायचं. फळ्यावर चार ओळी आहेत आणि सगळ्या एकेक घर खाली उतरवायच्यात असं समजा. वरून सुरुवात केली तर पहिली ओळ दुसरीवर बसते, मग दुसरी म्हणून जी तिसरीवर उतरते ती पहिलीच असते. शेवटपर्यंत तेच. सुरुवात खालून करायला हवी. दोन ओळींच्या पॅनेलमध्ये हा प्रश्न कधी आलाच नव्हता, म्हणून इतकी वर्षं कोणाला दिसलं नाही.

मी त्यांच्या सहा ओळी काढून चौदा लिहिल्या. आधी तपासायचं, दोन्ही जागा एकमेकींवर येतात का, येत असतील तर मागून पुढे उतरवायचं. नव्या प्रोग्रामनं चिप भरली, मिलला पाठवली, मालकांना कागदावर लिहून दिलं की मूव्ह फंक्शन बदललंय, प्रिंटआउट सोबत जोडलंय.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काकांना ते वाचून दाखवलं नाही.

तोंड उघडलं होतं मी. पण समोर तो माणूस, डोळे गेलेले, ही एक फाइल सोडून हातात काही न उरलेलं. त्याला कसं सांगू, की तुमच्याच फंक्शननं मिल बंद पाडली? ‘मिलचं काय होतं वं?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘वायरिंगचं होतं काका. झालं ते.’ आणि फाइल वाचताना त्यांच्या जुन्या सहा ओळी, त्यांना वाचून दाखवून दाखवून पाठ झालेल्या, जशाच्या तशा म्हणून दाखवल्या. मला वाटलं, मोठी दया केली. दया कसली, शुद्ध आगाऊपणा होता तो.

अकरा वाजता मालकांनी आम्हा दोघांना बोलावलं. मिलचे इंजिनियर येऊन बसले होते, काय बदललं ते समजून घ्यायला. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मालकांनी कागदाची एक प्रत इंजिनियरना दिली, एक काकांच्या हातात ठेवली आणि म्हणाले, ‘सर, यह मूव वाला फंक्शन साहब को ज़रा पढ़कर समझा दीजिए.’

काकांनी कागद नीट धरला. अंगठा ठेवला. मला ओरडावंसं वाटत होतं. त्यांनी शांतपणे सांगितलं: दोन पत्ते येतात, कुठून आणि कुठं, तिसरा आकडा म्हणजे किती, आकडा शून्य होईपर्यंत एकेक अक्षर उचलायचं, ठेवायचं, दोन्ही पत्ते एकेकानं पुढे. सहा ओळी संपल्या तिथं अंगठा थांबला. कागदावर अजून आठ ओळी होत्या.

इंजिनियरनी आपल्या कागदाकडे पाहिलं, मग काकांकडे. ‘सर, यह तो इसमें लिखा ही नहीं है. आप क्या पढ़ रहे हैं?’

काकांनी मान माझ्या दिशेनं वळवली. मी बसले होते त्याच्या थोडी डावीकडे वळली ती. यांना दिसत नाही, हे तेवढ्यानंच मालकांच्या लक्षात आलं. ते वाईट नव्हते. त्यांनी पाहुण्यांसाठी चहा मागवला, आणि मला म्हणाले, बाकीचं तू समजावून सांग. मी सांगितलं. काका शेजारी कागद धरून बसून राहिले, आणि त्यांच्या फंक्शनमध्ये काय चुकलं होतं ते त्यांनी पहिल्यांदा तिथं, परक्या माणसांसमोर ऐकलं. मीच तोंडघशी पाडलं त्यांना.

महिनाअखेरीस ते घरी बसले. पोरीचं अजून एक वर्ष राहिलं होतं.

भिलाईतल्या स्मृती नगरला त्यांच्या घरी जायला मला तीन आठवडे लागले. रोज ठरवायचे, रोज पाय निघायचा नाही. गेले तेव्हा ते पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. पाणी दिलं, बस म्हणाले, आईबाबांचं विचारलं. मग म्हणाले, ‘त्या दिवशी काहून नाही वाचलं वं?’

‘तुमची चूक होती त्यात, काका. तुम्हाला वाईट वाटलं असतं.’

‘वाटलं असतं नं. एक दिवस जेवण नसतं गेलं मले. दुसऱ्या दिवशी चौदा ओळी पाठ करून आलो असतो.’ आवाज चढला नव्हता. ‘माझे डोळे गेले होते, पोरी. अक्कल नव्हती गेली.’

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं, थांबवलं नाही, आणि मला ते बरोबरच वाटलं. मग म्हणाले, ‘वाच आता.’

कागद नव्हता, पण मला पाठ होतं. मी चौदा ओळी म्हटल्या. ‘पुन्हा.’ पुन्हा म्हटल्या. तिसऱ्यांदा ते स्वतः म्हणू लागले, डोळे मिटून, सावकाश. पहिल्या आठ बरोबर आल्या. नवव्या ओळीत मागून सुरू करायच्या जागी त्यांनी पुढूनच सुरुवात केली, जिभेला वर्षानुवर्षांची सवय होती तशी. मी गप्प बसले. त्यांना माझं गप्प बसणं ऐकू आलं.

‘चुकलो नं?’

‘हो काका. नवव्या ओळीत.’

‘हां,’ ते म्हणाले. ‘एवढंच सांगायचं होतं तू मले तेव्हा.’