बाबांचा ओव्हरटाइम आणि आईचं मत

नाही म्हणजे नाही, एका मतासाठी चार दिवसांचा पगार कापून पुण्याहून जबलपूरला जायचं हे मला अजूनही पटलेलं नाही. पण बाबा फोनवर म्हणाले, "मी एकीकडे, तुझी आई दुसरीकडे. तू नाही आला तर घराचं मत शून्य." मागून आई म्हणाली, "ये, अन् माझ्याकडून ये." गेलो.

स्लीपरचं तिकीट महिनाभर आधी काढा, नाहीतर माझ्यासारखं दाराशी बॅगेवर बसून जाल. जबलपूर स्टेशनवरून आमच्या गढा भागात शेअर ऑटो तीस रुपये. ऑटोवाला म्हणाला, "भैया, फॅक्टरीवाले हो? फिर तो पता है किसको दोगे."

तेच तर भांडण. बाबा तोफगोळ्यांच्या फॅक्टरीत. सीमेवर तणाव वाढला की ओव्हरटाइम सुरू होतो आणि बाबांचा डबा दोन कप्प्यांवरून चारवर जातो. आमच्या गल्लीत जाहीरनामे कोणी वाचत नाही, डबे बघतात. सध्या डबा दोन कप्प्यांचा आणि वरच्या खोलीचं काम स्लॅबपाशी अडलेलं. खोली दादासाठी, त्याचं लग्न ठरलंय. दादा फौजेत, सीमेवर.

सकाळी खोव्याची जलेबी आली. इथली खाल्ल्याशिवाय परतू नका. ती पुढे ठेवून दोघांचा प्रचार सुरू.

"कडक सरकार आलं की काम येते," बाबा म्हणाले. "स्लॅब काय भाषणानं पडते?"

"अन् काम काहून येते?" आई म्हणाली. "तुमचे गोळे जातात तिकडेच माझा पोरगा उभा आहे."

"मी काय लढाई मागून राहिलो? सिर्फ ओव्हरटाइम मागून राहिलो."

"मग फॅक्टरीत कुकर बनवा."

बाबांनी अख्खी जलेबी तोंडात घातली. बोलायची सोय संपली.

दुपारी शाळेत रांग लावून तिघांनी मत दिलं. आई पुढे गेल्यावर बाबा हळूच म्हणाले, "तिला सांगू नको. बटणापाशी दादाच दिसला मले. तिच्याकडलंच दाबलं." आणि लगेच छाती काढून तिच्यामागे चालू लागले, जणू निवडून आलेत. (आई हे वाचत नाही, म्हणून लिहितोय.) मी कोणाला दिलं ते सांगितलं नाही. दोघंही मला आपलाच समजतात.

आता पुण्यात आहे. जाऊन-येऊन दोन हजार गेले, पगार वेगळा. स्वतःच्या ओव्हरटाइमविरुद्ध बटण दाबून आलेला माणूस मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही. आमच्या कारखान्यात टेम्पोचे आरसे बनतात. त्यांचा खप वाढायला कोणाला मरावं लागत नाही. म्हणून या महिन्यात रोज चार तास जास्त थांबलो. बाबांना स्लॅबसाठी पाठवतोय सात हजार दोनशे रुपये.