रेडिओचा हिरवा डोळा

तुम्ही मला शहाणा समजता ना? मग चहाची बशी खाली ठेवा आणि हे ऐका!

निजामाच्या अमलातली गोष्ट. मी गंगाखेडच्या शाळेत मास्तर होतो आणि पुस्तकं वाचून रेडिओ जुळवायचा मला नाद होता. एक जुळवलाही. मोटारीच्या बॅटरीवर चालायचा, आणि चक्क बोलायचा!

त्याचं बटण मात्र माझी बायको फिरवायची. खरखरीतून नेमकं स्टेशन ती कानानं वेचून काढी. ती गेली, त्या वर्षी मला एकही स्टेशन धड लागेना. शेवटी ठरवलं, स्टेशन डोळ्यांना दिसेल असं काहीतरी रेडिओला जोडून घ्यायचं.

रेडिओ मांडीवर घेऊन आगगाडीनं हैदराबाद गाठलं. दुकानदारानं दोन जिनसा पुढे ठेवल्या. एक काट्याचा मीटर; स्टेशन जवळ आलं की काटा चढतो. दुसरा काचेचा हिरवा डोळा. स्टेशन जोरात लागलं की मिटतो.

"मास्टरसाब, काँटा देखने कू चश्मा होना. आँख तो दूर सेच दिखती!"

मी डोळा घेतला. घेणारच! काटा एकट्यालाच दिसतो, डोळा अख्ख्या ओसरीला दिसतो.

आणि लगेच त्याची गरजही पडली. राणीसावरगावला दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा मुलगा दत्तू औरंगाबादेत गाणं शिकत होता. तिथल्या केंद्रावरून त्याचं दहा मिनिटं गाणं होणार, असं पत्र आलं. दाजींना पोराचं गाणं म्हणजे घराण्याला बट्टा. त्यांनी बजावून ठेवलं होतं, "एकदाच ऐकतो. पटलं तर ऱ्हाऊ द्या, न्हाई तर पेरणीला वावरात आणतो."

म्हणजे पोराचा सगळा जन्म त्या दहा मिनिटांवर! आणि ती दहा मिनिटं माझ्या हातात. मला काळजी? छे! माझ्याकडे डोळा होता.

अक्का आणि दाजी छकड्यातून आले. ओसरीवर पंधरा-वीस माणसं जमली. मी सगळ्यांना डोळ्याचं शास्त्र समजावलं. "उघडा असेल तोवर ऐकायचंच नाही. मिटला, की तेच स्टेशन!"

वेळ झाली. मी बटण फिरवलं. खरखरीतून एक कोवळा आवाज आला.

अक्का ताडकन उठली. "थांब, थांब! ह्योच माझा दत्तू!"

"अक्का, डोळा बघ. सताड उघडा आहे."

"आरं, डोळा मरू दे! आवाज ऐक की!"

"मरू दे कसा? त्याच्यासाठी हैदराबादला गेलो होतो मी."

पुढे फिरवलं. डोळा मिटला, अगदी गच्च. आणि काय भरदार गाणं घुमलं हो ओसरीत!

"माधवा, ह्यो दत्तू न्हाई. माझ्या पोराला आजून मिसरूड फुटलं न्हाई."

"रेडिओत आवाज भारदस्त होतो, अक्का."

तेवढ्यात गाणारा खोकला. अक्कानं माझ्याकडे पाहिलं.

"पडसं झालं असेल," मी म्हणालो. "तिकडची हवा जरा थंड."

"गप गं!" दाजी अक्कावर ओरडले. त्यांची मान डोलायला लागली होती. "ऐकू दे. लय तयार झालाय आपला दत्तू."

गाणं संपेतो त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी पटका सावरला, रेडिओपुढं नारळ ठेवला आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "ऱ्हाऊ द्या पोराला तिकडंच. असला गळा पाखरं हाकायला वावरात आणला तर पाप लागंल."

अक्कानं पदर तोंडाला लावला. मी? मी छाती फुगवून डोळ्याकडे बोट दाखवत होतो.

आणि निवेदक बोलला, "ये हैदराबाद है." पुढे अदबशीर उर्दूत, पंचाहत्तराव्या वर्षीही उस्तादांनी केंद्रावर येण्याची तसदी घेतली, वगैरे वगैरे. मी बटणावर झडप घातली, पण उशीर झाला होता. दाजींचं निम्मं आयुष्य तहसीलच्या उर्दू कागदांत गेलेलं. त्यांना शब्द न् शब्द कळला.



"मास्तर," दाजी सावकाश म्हणाले, "आपला दत्तू पंचाहत्तर वर्सांचा कवा झाला?"

अक्का नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती.

दाजींनी नारळाकडे पाहिलं, जमलेल्या माणसांकडे पाहिलं. "सबूद चारचौघांत दिलाय. त्यो आमी माघारी घेत न्हाई. पोरगं शिकंल."

अक्काचा जीव भांड्यात पडला. माझाही.

"पण एक शर्त हाय. सुट्टीत त्याला मामाकडं धाडायचं न्हाई. गाणं शिकायचं तर कान असल्याल्या माणसाजवळ ऱ्हावं लागतं!"

माणसं हसून लोळायला लागली. मीही हसलो. दत्तूला पहिला 'सा' मीच लावून दिला होता, हे सांगायची ती वेळ नव्हती!