पाठीला शिवण नसलेली पदवी

विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर बाइंडिंगचं एक दुकान आहे. दुकान कसलं, दोन भिंतींमधली फट. त्या फटीत बाइंडरबाईंचा अर्धा जन्म गेला. नवरा गेला तेव्हा लेक नुकती चालायला लागली होती आणि शिकंज्यात कुणाचा तरी प्रबंध अर्धवट आवळलेला होता. सांत्वनाला आलेली माणसं पांगल्यावर बाईंनी आधी तो पुरा केला. तेव्हापासून दुकान आणि लेक, दोन्ही एकटीच्या हातांवर.

प्रबंधात काय लिहिलेलं असतं, ते त्यांना ओ की ठो कळत नसे. पण एक गोष्ट त्यांनी पाहून ठेवली होती. विद्यार्थी यायचे ते खालमानेने, आणि काळ्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत आपलं नाव दिसलं की ताठ होऊन जायचे. पुढे तेच प्राध्यापक होऊन समोरून जात आणि ओळखही देत नसत. बाईंना त्याचं वाईट वाटत नसे. मोठं होणं म्हणजे हेच, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

लेकीला परदेशातल्या दोन विद्यापीठांनी मास्टर्सला घेतलं. दोन्हीकडे शिष्यवृत्ती. निवड तेवढी करायची होती.

"हा एक वर्षाचा आहे, आई. निम्मं वर्ष वर्गात, निम्मं पाणी शुद्ध करायच्या केंद्रात. मला हाच करायचाय."

"आणि दुसरा?"

"दोन वर्षांचा. विद्यापीठाचं नाव मोठं आहे. पण सगळं संशोधन. शेवटी प्रबंध."

"पहिल्यात शेवटी काय?"

"रिपोर्ट. वीसेक पानं."

"वीस पानांना टाचणी पुरते," बाई म्हणाल्या. "पाठीला शिवण नाही, ती पदवी कसली?"

शेजारच्या टाइपिंगवाल्याने टेबलावरूनच मान वर केली. "ताई, पोरीला पाण्यात काम करायचंय. तुम्ही तिला कागद कशाला दाखवता?"

"तुम्ही तुमच्या चुका दुरुस्त करा आधी. एवढं शिकून काय मीटर वाचत फिरायचं तिने?"

"फिरेना का. निदान पाणी तरी बघेल."

लेक हसली. बाई हसल्या नाहीत.

त्या भांडल्या असत्या तर लेक जिंकली असती. तोंडाची तिखट होती ती. पण बाई भांडल्या नाहीत, रुसल्याही नाहीत. गिऱ्हाईक आलं की लेकीच्या देखत सांगायच्या, "बाहेर चाललीय शिकायला. नाही हो, प्रबंधबिबंध नाही, साधा कोर्स आहे." गिऱ्हाईक "असं का" म्हणून पावती घेई. त्या "असं का"ला लेक किती दिवस तोंड देणार? एका दुपारी तिने मोठ्या नावाला होकार कळवून टाकला.

"झालं तुझ्या मनासारखं?"

"माझ्या कशाला? तुझ्याच भल्याचं आहे."

पहिलं वर्ष सरायच्या आत तिचे मार्गदर्शक नोकरी बदलून निघून गेले. नव्या सरांना पाण्यात रस नव्हता. त्यांनी तिला कुणाच्या तरी जुन्या आकडेमोडीला जुंपलं. शेवटी शेवटी फोनवर ती म्हणाली, "दोन वर्षांत पाणी मी फक्त प्यायले, आई."

प्रबंध झाला. बाईंनी प्रत पाठव म्हटलं, आपल्या हाताने बांधते म्हणाल्या.

"प्रत नसते गं. फाइल चढवायची वेबसाइटवर. इथे कुणी छापत नाही."

"कुणीच?"

"कुणीच."

मग नोकरीचा शोध. प्रत्येक केंद्रात एकच प्रश्न, हाताने काय केलंय? एका ठिकाणी मुलाखत घेणारी तिच्याच वयाची होती, त्याच एक वर्षाच्या कोर्समधून आलेली. फार गोड बोलली, म्हणे. शेवटी लेकीला विद्यापीठाच्याच कचेरीत काम मिळालं. दुसऱ्यांच्या प्रबंधांचे समास तपासायचे, पानांचे आकडे जुळवायचे, अनुक्रमणिका बघायची.

"म्हणजे तुझंच काम. फक्त खळीचा वास येत नाही," ती फोनवर म्हणाली.

बाईंनी विचारलं, "तो वर्षाचा कोर्स आता नाही का करता येणार?"

"विचारलं मी. एक मास्टर्स झालेल्यांना शिष्यवृत्ती देत नाहीत." मग ती म्हणाली, "राहू दे. जेवलीस का?"

दुसऱ्या दिवशी टाइपिंगवाल्याने चहाचा कप पुढे केला. "काय म्हणते लेक? लागली कुठे?"

"लागली. विद्यापीठात."

"शिकवते?"

बाई सुईत दोरा ओवत राहिल्या. दोरा ओवून झाला, गाठही मारून झाली, मग त्यांनी पुढ्यातला प्रबंध शिवायला घेतला. टाइपिंगवाला इतक्या वर्षांचा शेजारी. तो आता "मी म्हटलं नव्हतं?" म्हणेल, म्हणून बाई वाट पाहत होत्या. म्हटलं असतं तर चार शब्द सुनावून मोकळ्या झाल्या असत्या. त्याने मात्र चहा संपवला, त्यांचाही कप उचलला आणि विसळून ठेवला.